समाजशास्त्रात अमेरिकेतल्या पीएचडीसाठी अर्ज: मुकादमाच्या मुलीला उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बीड जिल्ह्यातल्या कॉलेजातून मराठी माध्यमात बी.ए., आता समाजशास्त्रात एम.ए.चं दुसरं वर्ष, आतापर्यंत ६१ टक्के. वडील ऊसतोडीचे मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारे ठेकेदार. अमेरिकेत पीएचडी करायची आहे. जीआरई (तिथल्या पदव्युत्तर प्रवेशाची सामान्य चाचणी) द्यावी का, एवढ्या गुणांवर कोणी घेईल का, पुण्यातला कन्सल्टंट दीड लाख मागतोय ते द्यावेत का, आणि सोबत जोडलेलं एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे काय आणि का शिकायचंय ते सांगणारं निवेदन) कसं वाटतं. अहो-जाहो नको असंही लिहिलंस, म्हणून एकेरीवर येते.

कन्सल्टंटला पैसे देऊ नकोस. हे आधी सांगते, नाहीतर बाकीचं वाचून होईपर्यंत तू टोकन भरून मोकळी होशील. ही मंडळी कॉम्प्युटरच्या एम.एस.चे अर्ज भरण्यात तरबेज असतात. पैसे भरून शिकणारा विद्यार्थी पाठवला की काही विद्यापीठं त्यांना कमिशन देतात. समाजशास्त्राच्या पीएचडीत उलटं आहे. तिथे विद्यापीठ तुला पैसे देतं, त्यामुळे तुझ्यासारखीला कुठे पाठवावं हे शोधण्यात त्यांना रस नसतो आणि बहुतेकांना ते माहीतही नसतं.

हा पैशाचा मुद्दा आधी नीट समजून घे, कारण त्यावरून कुठे अर्ज करायचा ते ठरतं. अमेरिकेत समाजशास्त्राच्या पीएचडीला प्रवेश मिळाला की चांगल्या विभागांत ट्यूशन माफ होते आणि पाच वर्षांच्या आसपास विद्यावेतन मिळतं. त्या बदल्यात तू पदवीच्या मुलांचे वर्ग सांभाळतेस, पेपर तपासतेस, म्हणजे टीए-शिप करतेस. वेतन वर्षाला २०-२५ हजार डॉलरपासून ४५-५० हजारांपर्यंत कुठेही असू शकतं. हातात किती उरतं ते गावावर अवलंबून. छोट्या शहरात २८ हजारांत नीट राहता येतं, न्यूयॉर्कमध्ये तेवढ्यात खोलीभाडं निघताना मारामार. प्रवेश मिळाला की चार गोष्टी विचारून घ्यायच्या: किती वर्षांची लेखी हमी, उन्हाळ्याच्या तीन महिन्यांचं काय, आरोग्य विमा कोण भरतं, आणि ट्यूशनशिवाय वेगळी फी किती कापतात.

मास्टर्सचं तसं नाही. तिथे सहसा तूच पैसे भरायचे आणि राहण्या-खाण्यासकट आकडा सहज ४०-५० लाखांच्या घरात जातो. समाजशास्त्रात मास्टर्स करून ते कर्ज फेडता येईल अशी नोकरी लागेल याची खात्री मी तुला देणार नाही. वडिलांची जमीन गहाण टाकून तिथल्या मास्टर्सला जाऊ नकोस. थेट पीएचडीला अर्ज कर. तिथली मुलं चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएचडीला येतात. आपलं तीन वर्षांचं बी.ए. काही ठिकाणी अपुरं धरतात, पण तुझं एम.ए. होत असल्यामुळे ती अडचण उरत नाही. मात्र एम.ए. झालंय म्हणून दोन वर्षं वाचतील असं समजू नकोस. सिद्धांत, संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र बहुतेक पुन्हा करावंच लागतं. रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मोजायची पद्धत, पहिल्याच वर्षी पुढ्यात येईल, कवितेवर पीएचडी करणारालाही. मी गेले तेव्हा सरासरी आणि मध्यक एवढ्याच भांडवलावर गेले होते. पहिलं सत्र कसं काढलं ते मला विचारू नकोस.

आता गुण. ६१ टक्के म्हणजे तुझ्या विद्यापीठात काय, हे तिथल्या समितीला आपोआप कळत नाही. ते शिफारसपत्रात कुणीतरी सांगावं लागतं: वर्गात कितवी, फर्स्ट क्लास किती जणांना मिळाला. विद्यापीठ स्वतःहून मागत नाही तोवर टक्क्यांचं चारपैकी अमुक असं रूपांतर तू करू नकोस, आपले टक्के आहेत तसे दे. जीआरई २०२० नंतर बऱ्याच समाजशास्त्र विभागांनी काढून टाकली किंवा ऐच्छिक केली. ज्या आठ ठिकाणी अर्ज करायचा त्यांची पानं उघडून पाहा. एकानेही सक्तीने मागितली नसेल तर तो खर्च वाचव. टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा मात्र तुला द्यावी लागेल, आणि त्यातल्या बोलण्याच्या भागाकडे लक्ष दे. एकूण गुण पुरेसे असले तरी बोलण्याचे कमी पडले तर काही विद्यापीठं वर्ग शिकवायला देत नाहीत, आणि वर्ग नाही म्हणजे वेतनाचा प्रश्न. मराठी माध्यमाच्या मुली वाचनात पुढे असतात आणि इथे अडखळतात. रोज अर्धा तास कुणाशी तरी बोल. चुकीचं इंग्रजी चालेल, थांबणं चालणार नाही.

कागदपत्रांत एक खड्डा आहे. आपल्या गुणपत्रिकांवर बहुधा आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यांत पडतं, आणि अर्जात तू तिसरंच लिहिलंस की तुझ्या तीन व्यक्ती होतात. पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडे. अजून पासपोर्ट काढला नसशील तर आधी तो काढ. ट्रान्स्क्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, परीक्षा विभागाच्या खिडकीवर आत्ताच अर्ज टाक, कारण तिथे ‘पुढच्या आठवड्यात या’ हे तीन-चारदा ऐकून झाल्यावरच काम होतं. अर्जाच्या वेळी मात्र बहुतेक ठिकाणी गुणपत्रिकांचे स्कॅन चालतात. सीलबंद प्रती प्रवेश पक्का झाल्यावर मागतात. म्हणून खिडकी हलली नाही तरी अर्ज अडवून ठेवू नकोस.

एवढं सांगून मी मूळ विषयावर येते, तो म्हणजे तुझं एसओपी.

ते वाईट आहे. रागावू नकोस, माझं पहिलं याहून वाईट होतं आणि त्यावर मला नऊ नकार आले होते. तुझं सुरू होतं, ‘लहानपणापासून मला समाजातील वंचित घटकांविषयी तळमळ होती.’ मग एका थोर पुरुषाचं वचन. मग समाजशास्त्राची व्याख्या. मग त्या विद्यापीठाच्या जागतिक कीर्तीची स्तुती. शेवटी, परत येऊन ग्रामीण भागासाठी काम करायची इच्छा. मी तिथे शिकवत असताना दोन वर्षं प्रवेश समितीवर होते. पाच-दहा जागा आणि शेकड्यांनी अर्ज. एक अर्ज पहिल्या फेरीत काही मिनिटांत वाचला जातो. तळमळ सगळ्यांनाच असते, त्यामुळे तळमळीवरून कुणी निवडता येत नाही. शिवाय तुझ्या मजकुरातून समाजकार्य आणि समाजशास्त्र यांत घोळ झालेला दिसतो. ऊसतोड कामगारांना मदत करायची असेल तर एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, हा उत्तम रस्ता आहे, आणि टाटा इन्स्टिट्यूट तुळजापूरला तुझ्या दाराशी आहे. समाजशास्त्राची समिती पाहते की या मुलीला एखादी गोष्ट कोड्यासारखी दिसते का, आणि ते सोडवायची चिकाटी तिच्यात आहे का.

तुझ्या एसओपीच्या तिसऱ्या परिच्छेदात अर्धं वाक्य आहे: ‘माझे वडील मुकादम असल्याने मी हे प्रश्न जवळून पाहिले आहेत.’ एवढं लिहून तू पुढे गेलीस आणि पुढची दोन पानं ‘मुकादम कामगारांचे शोषण करतात’ हे वेगवेगळ्या शब्दांत सांगितलंस. मी तिथेच थांबले. घरात मुकादम असलेली मुलगी मुकादमांबद्दल वर्तमानपत्रातलं वाक्य लिहिते. जे तुला माहीत आहे आणि समितीतल्या एकालाही माहीत नाही, नेमकं तेच तू झाकलंस. लाजेपोटी झाकलं असेल, तर ते मी समजू शकते.

वाचणाऱ्याला काय माहीत नाही ते बघ. एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी, हे त्यांना ठाऊक नाही. हंगामाआधी उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, दिली जाते, ती कारखान्याकडून मुकादमामार्फत येते, आणि जोडी पळाली तर मुकादमाच्या अंगावर बसते, हेही नाही. म्हणजे मुकादम एका बाजूने सावकार आहे आणि दुसऱ्या बाजूने कर्जदार. तो कुणावर विश्वास ठेवतो? भावकीतल्या जोडीला जास्त उचल देतो की कमी? भावकीतल्याकडून वसुली करणं सोपं जातं की अवघड? आणि तू मला मेलमध्ये जाता जाता लिहिलंस की तुमच्या वाडीतल्या काही जोड्या घरचा मुकादम सोडून दुसऱ्या तालुक्यातल्या मुकादमाकडे जातात, उचल कमी मिळाली तरी. का जातात? हा प्रश्न आहे! ‘मुकादम शोषण करतात’ हा निकाल आहे, आणि निकाल लागलेल्या खटल्यावर पाच वर्षं कोणी पैसे खर्च करत नाही.

हा प्रश्न घेतलास की बाकीचं त्याच्या मागे येतं. कर्ज आणि नातं यांचा संबंध हा आर्थिक समाजशास्त्राचा विषय आहे. जोडी हेच कामाचं एकक असणं हा लिंगभाव आणि श्रमाचा. हंगामी स्थलांतर हा तर अमेरिकेतल्या समाजशास्त्राचा जुना प्रांत, मेक्सिकोहून येणाऱ्या शेतमजुरांवर तिथे पुष्कळ काम झालेलं आहे. तिथेही मजूर आणि मालक यांच्यामध्ये एक ठेकेदार असतो. याचा अर्थ तुला भारतावर काम करणाराच प्राध्यापक शोधायची गरज नाही. आपली मुलं हीच चूक करतात: विभागाच्या पानावर ‘साउथ एशिया’ शोधतात, एकही नाव मिळालं नाही की विभाग सोडून देतात. मेक्सिकन शेतमजुरांवर लिहिणारी बाई तुझा अर्ज कदाचित जास्त आवडीने वाचेल.

याला तिथे ‘फिट’ म्हणतात. प्रत्येक विभागात तुझ्या प्रश्नाच्या जवळ काम करणारे निदान तीन जण हवेत. एकावर भिस्त ठेवू नकोस, तो निवृत्त होतो, दुसरीकडे जातो, रजेवर असतो. नावं क्रमवारीच्या यादीतून काढू नकोस. तुला आवडलेल्या लेखाचे संदर्भ बघ, ते लोक कुठे शिकवतात ते बघ, त्यांचे विद्यार्थी सध्या कशावर काम करताहेत ते बघ. एसओपीच्या शेवटच्या परिच्छेदात या तिघांचं कोणतं काम तुझ्या प्रश्नाला कुठे भिडतं ते लिही. नुसती नावं टाकलीस तर कुणालाही कळतं.

आपल्याकडचा प्रश्न तिथल्या विभागात चालतो का, अशी शंका असेल तर गेल ऑम्वेट आठव. अमेरिकेत जन्मलेल्या या बाईंनी कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या समाजशास्त्र विभागात १९७३ साली पीएचडी पूर्ण केली. विषय होता १८७३ ते १९३० मधली पश्चिम भारतातली ब्राह्मणेतर चळवळ, म्हणजे सत्यशोधक समाजापासूनचा इतिहास. पुढे त्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या झाल्या.

एसओपी दोन पानांच्या आत. पहिल्या परिच्छेदात प्रश्न, आणि तो तुझ्यासमोर कसा आला. वडील इथे येतील, दोन-तीन वाक्यांत, सहानुभूती न मागता. मग तू आतापर्यंत काय केलंस: एम.ए.च्या प्रबंधासाठी २२ मुलाखती घेतल्यास असं लिहिलंस, त्यांतून काय अनपेक्षित निघालं? मग पुढे कोणत्या पद्धतीने शोधशील. ठरलेलं नसेल तर दोन पर्याय मांड. आणि मुकादमाची मुलगी म्हणून कुणी तुझ्याशी मोकळं बोलणार नाही, हा आक्षेप तूच आधी घे. त्यावर तुझं उत्तर काय, हे वाचायला समितीला आवडेल. एआयकडून लिहून घेऊ नकोस. नैतिक कारण बाजूला ठेव, एआयने लिहिलेली एसओपी सगळी एकसारखी वाटतात हीच मुख्य अडचण आहे.

यानंतर रायटिंग सॅम्पल. साधारण १५ ते २५ पानांचा इंग्रजी लेख. तुझा मराठी प्रबंध जसाच्या तसा भाषांतर करून पाठवू नकोस. प्रस्तावना, संकल्पनांच्या व्याख्या, अभ्यासक्षेत्राची ओळख, तक्ता क्रमांक ४.७ मधील लिंगनिहाय वर्गीकरण... हा आपल्याकडचा साचा तिथे कुणी वाचत नाही. त्यातलं एक प्रकरण उचल आणि एका दाव्याभोवती नव्याने लिही.

दावा म्हणजे काय, यासाठी मी विद्यार्थ्यांना एकच नमुना वाचायला देते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. भक्तिभाव क्षणभर बाजूला ठेवून तो सेमिनार पेपर म्हणून वाच. आधी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या जातीच्या व्याख्या समोर ठेवल्या आहेत. केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार, तेही कॉर्नेलचे पीएचडी. त्यांचं योग्य ते श्रेय देऊन मग म्हटलंय की तुम्ही जातीची दोन वैशिष्ट्यं सांगता, ती खरं तर एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. मग स्वतःचा दावा: जातीचं मूळ लक्षण एकच, जातीअंतर्गत विवाह. आणि मग तो एक धागा धरून सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथा ‘अतिरिक्त’, म्हणजे जोडीदार मेल्यावर मागे उरलेल्या, स्त्री-पुरुषांची सोय लावण्यातून कशा येतात, ते पायरीपायरीने दाखवलंय. नवी माहिती फारशी नाही. आधीच्यांना नीट वाचणं, त्यांच्यातली फट शोधणं आणि आपली यंत्रणा शेवटपर्यंत ताणून पाहणं, एवढंच आहे. तुझ्या २२ मुलाखतींतून एवढंच कर.

शिफारसपत्रं तीन लागतात आणि सगळ्यात जास्त अर्ज इथे मरतात. आपले सर प्रेमाने म्हणतात, ‘तूच लिहून आण गं, मी सही करतो.’ मग तिन्ही पत्रं एकाच आवाजात, ‘ती कष्टाळू, नम्र आणि वक्तशीर आहे.’ नम्र असल्याबद्दल कुणी पीएचडीला घेत नाही. सरांना नाही म्हणू नकोस, त्याऐवजी एक पानभर आठवणी लिहून दे: कोणत्या सेमिनारला काय मांडलं, त्यांनी काय आक्षेप घेतला, मग मी काय बदललं, वर्गात कितवी आले. पत्र ते लिहितील किंवा निदान त्या आठवणी त्यांच्या शब्दांत उतरतील. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. पत्र तुझ्या हातात येत नाही. विद्यापीठ सरांना मेलवर लिंक पाठवतं आणि त्यांनी ते तिथे चढवायचं. कॉलेजच्या नावाचा मेल असेल तर तोच दे. अर्जात ‘पत्र पाहण्याचा हक्क सोडते का’ असं विचारतील, तिथे हो म्हण, नाहीतर पत्राचं वजन कमी होतं. माझ्या पहिल्या वर्षी एका सरांना निवडणुकीची ड्युटी लागली आणि तीन ठिकाणी पत्र पोचलंच नाही. मुदती बहुतेक १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान. दिवाळीची सुट्टी आणि परीक्षा मधे येतात, म्हणून सप्टेंबरातच सांग, लिंका ऑक्टोबरात जाऊ देत, आणि सरांच्या शेजारी बसून पत्र चढवून घ्यायला लाजू नकोस.

प्राध्यापकांना आधी मेल करावा का? अमेरिकेत समाजशास्त्रात निर्णय समिती घेते, त्यामुळे गरज नाही. केलास तर पाच ओळींचा, एका नेमक्या प्रश्नासह. युरोपात बऱ्याच ठिकाणी उलटं असतं, आधी मार्गदर्शक मिळवावा लागतो किंवा पीएचडीची जागा नोकरीसारखी जाहीर होते.

अर्जाची फी प्रत्येकी ७५ ते १२५ डॉलर. आठ अर्ज म्हणजे ६०-७० हजार रुपये सहज. फी माफीसाठी विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला मुदतीच्या दोन-तीन आठवडे आधी साधा मेल कर. सगळे देत नाहीत, पण विचारणाऱ्यालाच मिळते. राज्य आणि केंद्र सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या प्रवर्गानुसार आहेत. तुझा प्रवर्ग तू लिहिला नाहीस, मीही विचारत नाही, पण यादी बघ. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज योजनेबाबत सावध राहा: २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले गेले. ज्या समूहांसाठी योजना आहे त्यांनी स्वतःच्या समाजाचा अभ्यास परदेशात करू नये, असा त्याचा सरळ अर्थ होतो. मला तो नियम संतापजनक वाटतो. चालू वर्षाची नियमावली वाचूनच त्यावर विसंब.

निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, आणि वेतनासह प्रवेश देणारी बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत उत्तराची मुदत देतात. त्याआधी कुणी घाई केली तरी घाबरू नकोस. आणखी एक, २०२५ पासून तिथल्या काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, काहींनी काही विभागांचे प्रवेश वर्षभर थांबवले. तेव्हा नकार आला तर तो तुझ्या लायकीवरचा शेरा समजू नकोस.

म्हणून नेट, म्हणजे इथली प्राध्यापकपदाची आणि संशोधनवेतनाची पात्रता परीक्षा, सोडू नकोस. डिसेंबरची नेट दे. पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, मराठीत नाही, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नकोस. जेआरएफ, म्हणजे नेटवर मिळणारी संशोधनवृत्ती, लागली तर महिन्याला ३७ हजार, दोन वर्षांनी ४२ हजार. त्यावर जेएनयू, हैदराबाद, दिल्ली किंवा मुंबईत चांगल्या मार्गदर्शकाकडे केलेली पीएचडी ही परदेशातल्या सामान्य विभागातल्या पीएचडीपेक्षा कमी नाही. परदेशी पदवी घेऊन परतलीस तरी इथल्या नोकरीचं चित्र माहीत असू दे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार जगातल्या पहिल्या ५०० विद्यापीठांतली पीएचडी असेल तर सहायक प्राध्यापकपदासाठी नेट लागत नाही. पण जागा निघायला हवी ना. तासिका तत्त्वावर राबणारे पीएचडीधारक तुझ्या कॉलेजातही असतील. त्यांच्याशी एकदा चहा घे.

आता लगेच करायचं ते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतील, म्हणजे तुझ्या अर्जाच्या ऐन धावपळीत. त्याआधी वडिलांशी बोल. त्यांच्या उचलीच्या वहीत पाच-सात हंगामांची नोंद असेल: कुणाला किती, कुणाची किती फिटली, कोण पुढच्या वर्षी आलं नाही. ती वही सोन्यासारखी आहे. पण त्यात माणसांची नावं आणि कर्जं आहेत, तेव्हा फोटो काढून कुणाला पाठवू नकोस, मलाही नको. फक्त मोजून बघ, भावकीतल्या किती जोड्या टिकल्या आणि बाहेरच्या किती. ते आकडे आणि एसओपीचा पहिला परिच्छेद, एवढंच मला पाठव. मराठीत लिहिलंस तरी चालेल, इंग्रजी नंतर करू.